लाहोरचे महाराज दुलीपसिंग

या वेळी गुरुजींनी आम्हां चौथीच्या मुलांना थोर माणसांची चरित्रं वाटून दिली. शिवाजी महाराज सगळ्यांनाच पाहिजे होते, पण ते आमच्या इतिहासाच्या पुस्तकातच आहेत म्हणून गुरुजींनी ते कोणालाच दिले नाहीत. मला महाराजा दुलीपसिंग मिळाले. कोणी म्हणेल, हा पंजाबचा राजा, आपल्या नाशिक जिल्ह्याशी त्याचा काय संबंध? संबंध आहे. गोष्ट गोदावरीपाशी येईल तेव्हा तो कळेल.

दुलीपसिंग यांचा जन्म सप्टेंबर १८३८ मध्ये लाहोरला झाला. लाहोर आता पाकिस्तानात आहे, पण तेव्हा ती शिखांच्या राज्याची राजधानी होती. त्यांचे वडील महाराजा रणजितसिंग. लहानपणी देवी आल्या त्यात त्यांचा एक डोळा गेला होता. तरी त्यांनी एवढं मोठं राज्य उभं केलं आणि ते जिवंत होते तोवर इंग्रजांना सतलज नदी ओलांडायची हिंमत झाली नाही. कोहिनूर हिरा सगळ्यांनी ऐकला असेल. तो त्यांच्याकडे होता आणि ते तो दंडावर बांधत. आईचं नाव राणी जिंदकौर. तिचे वडील राजवाड्यातल्या कुत्र्यांची व्यवस्था बघायचे, म्हणजे ती काही राजघराण्यातली नव्हती. पण ती फार धीट होती.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. राजाला अहोजाहो करायचं असतं हे मला माहीत आहे. पण दुलीप लहान आहे तोवर मी त्याला अरेतुरे करणार, कारण माझ्याएवढ्या मुलाला अहो म्हणताना कसंतरीच वाटतं. मोठा झाला की अहो म्हणेन.

दुलीप नऊ महिन्यांचा होता तेव्हा, जून १८३९ मध्ये, रणजितसिंग वारले. मग दरबारात भांडणं लागली. थोरला भाऊ खडकसिंग गादीवर आला, तो वारला. त्याच्या अंत्यविधीहून परत येताना त्याच दिवशी त्याच्या मुलावर वेशीचे दगड कोसळले आणि तोही गेला. मग आला शेरसिंग. त्याचा १८४३ मध्ये खून झाला. चार वर्षांत इतकी माणसं गेली. शेवटी सप्टेंबर १८४३ मध्ये दुलीपला गादीवर बसवलं. तो फक्त ५ वर्षांचा होता. आमच्याकडे पाच वर्षांचं पोर बालवाडीत असतं आणि दुपारी झोपतं. म्हणून कारभार आई बघायची. जिंदकौरने पडदा सोडला आणि दरबारात बसून सरदारांशी आणि सैनिकांशी ती बोलू लागली.

१८४५ मध्ये इंग्रजांची आणि शिखांची लढाई झाली. शीख सैनिक फार शूर लढले, पण त्यांचे काही सेनापतीच आतून इंग्रजांना मिळालेले होते, त्यामुळे ते हरले. मग १८४६ मध्ये तह झाला. इंग्रजांनी बराच मुलूख घेतला आणि वर दीड कोटी रुपये दंड मागितला. तेवढे पैसे खजिन्यात नव्हते. म्हणून काश्मीर घेतलं आणि ते ७५ लाख रुपयांना गुलाबसिंगला देऊन टाकलं. डोंगर, नद्या, माणसं सगळं मिळून ७५ लाख! त्याच वर्षी डिसेंबरात आणखी एक करार झाला. दुलीप १६ वर्षांचा होईपर्यंत त्याचं राज्य इंग्रज सांभाळतील, मग ते त्याचं त्याला मिळेल, असं ठरलं. हा करार लक्षात ठेवा.

दुलीप लहान होता पण भित्रा नव्हता. ऑगस्ट १८४७ मध्ये तेजसिंग नावाच्या सरदाराला राजा ही पदवी द्यायची होती. हा तेजसिंग लढाईतल्या त्या सेनापतींपैकीच एक. दुलीपने त्याच्या कपाळाला केशराचा टिळा लावायचा असं ठरलं होतं. सगळा दरबार भरला, इंग्रज अधिकारी बसले, तेजसिंग पुढे वाकला, आणि दुलीपने हात मागे घेतले. लावलाच नाही टिळा! शेवटी पुरोहिताला लावावा लागला. तेव्हा तो नऊ वर्षांचाही पुरता नव्हता. मला ही गोष्ट सगळ्यांत आवडली आणि मी ती घरी तीनदा सांगितली.

पण इंग्रज म्हणाले, हे सगळं त्याची आई शिकवते. त्या महिन्यातच त्यांनी आईला त्याच्यापासून तोडलं. दुलीपला शालिमार बागेत नेलं आणि तो तिकडे असताना जिंदकौरला शेखुपुऱ्याच्या किल्ल्यात बंद केलं. पुढे तिला पंजाबातूनच काढलं, काशीला ठेवलं, मग चुनारच्या किल्ल्यात. तिथून ती मोलकरणीचा वेष घेऊन पहाऱ्यातून निसटली आणि नेपाळला पोचली. आमचे महाराज आग्र्याहून निसटले ते आम्ही पाठ केलंय. ही राणी एकटी निसटली, हे पण सांगायला पाहिजे. नेपाळात तिला आसरा मिळाला, पण मुलगा काही मिळाला नाही.

१८४८ मध्ये मुलतानला बंड झालं आणि पुन्हा लढाई पेटली. दुलीपचा त्यात काहीच हात नव्हता. तो लाहोरच्या किल्ल्यात इंग्रजांच्याच पहाऱ्यात होता. इंग्रज तर त्याचे पालक म्हणून बसले होते. पण लढाई जिंकल्यावर त्यांनी काय केलं, तर ज्याला सांभाळायचं त्याचंच राज्य खालसा केलं. आपल्यात म्हणतात ना, कुंपणानेच शेत खाल्लं, तसं. (शिखांच्या पंथालाही खालसा म्हणतात. राज्य खालसा करणं म्हणजे ते जप्त करून आपल्यात घेणं. दोन्हींचा घोटाळा करू नका.)

तो दिवस होता २९ मार्च १८४९. लाहोरला शेवटचा दरबार भरला. एक कागद वाचून दाखवला आणि दुलीपची सही घेतली. त्या कागदात असं होतं की महाराज आपल्यासाठी आणि आपल्या वारसांसाठी राज्यावरचा सगळा हक्क सोडत आहेत, कोहिनूर हिरा इंग्लंडच्या राणीला देण्यात येईल, आणि महाराजांना व त्यांच्या माणसांना वर्षाला ४ लाखांपेक्षा कमी नाही आणि ५ लाखांपेक्षा जास्त नाही एवढा तनखा मिळेल. दुलीप तेव्हा १० वर्षांचा होता. मीही १० वर्षांचा आहे. माझ्या प्रगतिपुस्तकावर माझी सही चालत नाही, दादांची लागते. सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर तर दादांची सहीसुद्धा एकट्याची चालत नाही, जामीनदार लागतो. आणि दुलीपची सही एवढ्या मोठ्या राज्याला चालली! वडील नाहीत, आई कैदेत. कोणाला विचारायचं होतं त्याने? मी गुरुजींना विचारलं की ती सही खरी धरायची का. गुरुजी काही बोलले नाहीत, फळ्यावर तारीख लिहून ठेवली फक्त.

कोहिनूर लाहोरहून आधी मुंबईला आणला. मोठे लाटसाहेब डलहौसी यांनी तो स्वतःच्या कमरेच्या पट्ट्यात शिवून आणला म्हणे. एप्रिल १८५० मध्ये तो मुंबईहून बोटीने विलायतेला गेला.

दुलीपला पंजाबात ठेवायची इंग्रजांना भीती वाटत होती. त्याला बघून लोक पुन्हा उठतील म्हणून १८४९ च्या शेवटी त्याला लाहोरहून हलवलं आणि गंगेकाठी फतेगढला ठेवलं. ते आता उत्तर प्रदेशात आहे. डॉक्टर लॉगिन नावाचे साहेब त्याचे पालक झाले. ते आणि त्यांची बायको त्याच्याशी प्रेमाने वागत, हे खरं आहे ते लिहिलं पाहिजे. पण सगळीकडे इंग्रजच. त्याने केस कापले. शिखांमध्ये केस कापत नाहीत. मार्च १८५३ मध्ये तो ख्रिस्ती झाला. तेव्हा तो १४ वर्षांचा होता. त्याने स्वतःहून मागितलं असं साहेब लोक म्हणत. आई जवळ असती तर काय झालं असतं, ते कोण सांगणार.

आपल्या शाहू महाराजांनाही मोगलांनी रायगडावरून नेलं होतं. तेव्हा ते ७ वर्षांचे होते. पण त्यांची आई येसूबाई बरोबर होती, आणि १७०७ मध्ये ते सुटून आले व पुढे साताऱ्याला छत्रपती झाले. दुलीपचं तसं झालं नाही.

१८५४ मध्ये दुलीप बोटीने इंग्लंडला गेला. व्हिक्टोरिया राणीला तो फार आवडला. तिने एका मोठ्या चित्रकाराकडून त्याचं चित्र काढून घेतलं. त्यात तो मोत्यांच्या माळा, शिरपेच आणि तलवार घेऊन उभा आहे आणि गळ्यात राणीचं छोटं चित्र आहे. हे चित्र चाललं होतं तेव्हाच राणीने कोहिनूर आणवला आणि त्याच्या हातात दिला. हिरा आता ओळखू येत नव्हता. तिकडे पुन्हा पैलू पाडून तो लहान केला होता, १८६ कॅरटचा १०५ च्या आसपास उरला होता. दुलीप तो घेऊन खिडकीपाशी गेला आणि उजेडात किती तरी वेळ बघत राहिला. सगळे गप्प. त्याने तो खिडकीबाहेर फेकला असता तर? पण तो परत आला आणि आपल्या हाताने तो राणीला दिला. का दिला, हे मला कळलं नाही. आमच्या आजीला मी ही गोष्ट वाचून दाखवली. ती म्हणाली की परक्याच्या घरात पोर आणखी काय करणार.

इथून पुढे मी अहो म्हणतो, कारण ते मोठे झाले.

दुलीपसिंग इंग्रजी बोलू लागले, शिकार करू लागले, स्कॉटलंडमध्ये एका जुन्या गढीत राहिले. इंग्लंडात त्यांचा नेम पहिल्या चारपाच जणांत धरत. एका दिवसात त्यांनी ७८० तितर मारले असं सांगतात. मला ते आवडलं नाही, एवढे तितर कोण खाणार. पण आईची आठवण जात नव्हती. शेवटी परवानगी मिळाली आणि जानेवारी १८६१ मध्ये कलकत्त्याच्या एका हॉटेलात मायलेकांची भेट झाली. १३ वर्षांपेक्षा जास्त काळ लोटला होता. दुलीप २२ वर्षांचे झाले होते. जिंदकौरला आता जवळजवळ दिसत नव्हतं. तिने हाताने चाचपून मुलाला ओळखलं. डोक्यावर हात ठेवला तर केस नाहीत, तेव्हा ती रडली, असं सांगतात.

त्या वेळी चीनच्या लढाईहून परतलेले शीख सैनिक कलकत्त्यात होते. आपला राजा इथे आहे असं त्यांना कळलं आणि ते हॉटेलपाशी जमून जयजयकार करू लागले. एवढं झाल्यावर सरकार घाबरलं आणि दुलीपसिंगांना लगेच परत जायला सांगितलं. ते आईला घेऊन गेले. तिला आता मुलाला सोडायचं नव्हतं. तिकडे तिने त्यांना सगळं सांगितलं, वडिलांचं राज्य कसं होतं, आपल्या जमिनी कुठे होत्या, काय काय गेलं. दोन वर्षंच मिळाली. १ ऑगस्ट १८६३ ला ती लंडनला वारली.

आता गोदावरी येते. तिकडे तेव्हा अग्नी देता येत नव्हता आणि आपल्याला परक्या मातीत ठेवू नको, अशी तिची इच्छा होती. म्हणून १८६४ मध्ये दुलीपसिंग आईचं शव बोटीने मुंबईला घेऊन आले. त्यांना लाहोरला जायचं होतं, वडिलांच्या समाधीपाशी. पण सरकारने पंजाबात पाऊल टाकू दिलं नाही. मग नाशिकला गोदावरीच्या काठी त्यांनी आईचे संस्कार केले आणि पंचवटीच्या बाजूला लहानशी समाधी बांधली. आपली माणसं सिंहस्थाला जातात, दशक्रियेला जातात, तीच गोदावरी. पंचवटी म्हणजे रामाच्या वनवासातली जागा. रामाचा वनवास १४ वर्षांत संपला. दुलीपसिंगांना गादी सोडून तेव्हा १५ वर्षं झाली होती आणि त्यांना काम झालं की परत जायचं होतं. शीख राजाची राणी, सारं आयुष्य कैदेत आणि परमुलखात गेलं, आणि शेवटी आली ती आपल्या गंगेवर. हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

परत जाताना वाटेत त्यांनी इजिप्त देशात लग्न केलं. बायकोचं नाव बांबा. ती कैरोच्या मिशनच्या शाळेत होती आणि तिला अरबी भाषा यायची, यांना ती येत नव्हती. सुरुवातीला मध्ये एक माणूस दुभाष्या लागायचा! इंग्लंडात एल्व्हेडन नावाच्या गावी त्यांची १७ हजार एकर जमीन होती. तिथल्या वाड्याच्या आतल्या भिंती त्यांनी लाहोरच्या महालासारख्या नक्षीच्या आणि आरशांच्या करून घेतल्या. लाहोरला जाता येत नव्हतं म्हणून केल्या असतील, असं मला वाटतं. त्यांना सहा मुलं झाली.

पुढे पैशांवरून सरकारशी वाद झाला. खर्च जास्त होता, कर्जही झालं होतं. आपल्या वडिलांच्या खाजगी जमिनी आणि मिठाच्या खाणी होत्या, त्यांचा हिशेब द्या, असं ते मागू लागले. १८८२ मध्ये त्यांनी लंडनच्या मोठ्या वर्तमानपत्रात पत्रही छापलं. लोक त्यांना हसले. करार झाला तेव्हा मी लहान मूल होतो आणि तुम्ही माझे पालक होता, हे त्यांचं म्हणणं होतं. मला तर ते बरोबर वाटतं.

मग मार्च १८८६ मध्ये त्यांनी सगळं सोडलं आणि बायकामुलांना घेऊन हिंदुस्थानला निघाले. ते ४७ वर्षांचे होते. पंजाबात बातमी पसरली. पण बोट एडनला लागली आणि इंग्रजांनी त्यांना तिथेच पकडलं. एडनहून पुढे समुद्र ओलांडला की मुंबईच. इतक्या जवळ येऊन अडवलं. बायकामुलांना परत पाठवलं. दुलीपसिंगांनी तिथे एडनलाच २५ मे १८८६ रोजी अमृत घेतलं आणि ते पुन्हा शीख झाले. आई असती तर तिला किती बरं वाटलं असतं.

त्यानंतर ते पॅरिसला गेले. तनखा नको म्हणून कळवलं. १८८७ मध्ये एका आयरिश माणसाचं नाव घेऊन ते रशियाला निघाले, कारण रशियाचा बादशहा इंग्रजांचा शत्रू होता आणि त्याची फौज पंजाबवर आणायची असा त्यांचा विचार होता. वाटेत बर्लिनच्या स्टेशनवर त्यांचं सामान चोरीला गेलं, त्यात पासपोर्ट पण गेला. तरी पोचले. पण बादशहा भेटला नाही. ज्या संपादकाने मदत केली होती तो त्याच वर्षी वारला. तिकडे लंडनला बायको बांबा वारली आणि हे जवळ नव्हते. १८८८ मध्ये ते हात हलवत पॅरिसला आले. तिथे दुसरं लग्न केलं. १८९० मध्ये अर्धांगवायूचा झटका आला. मग त्यांनी राणीची क्षमा मागितली आणि १८९१ मध्ये फ्रान्समध्येच तिला भेटले. काही मुलांना वाटेल की माफी मागायला नको होती. पण त्यांचा एक हात चालत नव्हता, राज्य नव्हतं, कोणी बरोबर नव्हतं.

२२ ऑक्टोबर १८९३ रोजी पॅरिसच्या एका हॉटेलात ते वारले. वय ५५. शव एल्व्हेडनला नेऊन चर्चच्या आवारात बायको आणि धाकट्या मुलाशेजारी पुरलं. जवळच्या थेटफर्ड गावात त्यांचा घोड्यावर बसलेला पुतळा आहे. तो १९९९ मध्ये उभा केला.

त्यांच्या मुलांना मुलं झाली नाहीत, म्हणून वंश राहिला नाही. सोफिया नावाच्या मुलीने इंग्लंडात बायकांना मत देता यावं म्हणून चळवळ केली. राणीनेच दिलेल्या घरात ती राहायची आणि त्याच राजवाड्याच्या दाराशी उभी राहून चळवळीचं वर्तमानपत्र विकायची. मोठी मुलगी आईच्याच नावाची, बांबा. ती लाहोरला राहायला गेली. १९२४ मध्ये तिने नाशिकहून आपल्या आजीच्या अस्थी लाहोरला नेल्या आणि रणजितसिंगांच्या समाधीत ठेवल्या. साठ वर्षं त्या आपल्या गोदावरीकाठी होत्या. बांबा १९५७ मध्ये लाहोरलाच वारली. दुलीपसिंग मात्र अजून एल्व्हेडनलाच आहेत.